शंभरचा पाइप

ओकबून आजी चरात उतरली आणि नव्या पाइपवर फतकल मारून बसली.

"आजी, उठा! काँक्रीटची गाडी दारात आलीय," प्लंबर शिन ओरडला.

"येऊ दे. आधी हा काढ आणि शंभरचा टाक."

शिननं कपाळाला हात लावला. मागच्या खोलीत फक्त किमचीच्या लोणच्याचा फ्रीज आणि एक बेसिन होणार होतं. बेसिनला पन्नास मिलिमीटरचा पाइप पुरून उरतो. शंभरचा लागतो कमोडला. आणि एकदा वर काँक्रीट पडलं, की फरशी फोडल्याशिवाय पाइप बदलता येत नाही. हे आजीनं कालच त्याला खोदून खोदून विचारून घेतलं होतं.

तिचा मुलगा चांगसिक धावत आला. जुनं घर पाडून हे नवं तो बांधत होता. जुन्या घरात मागची खोली त्याच्या बहिणीची, मीरानची होती. यंदा मीराननं नवरा सोडला, तेव्हा चांगसिकनं तिला फोनवर बजावलं होतं, "सणाला ये, जेव आणि जा. राहायला आलीस तर गावात तोंड दाखवता येणार नाही मला." आजी तेव्हा शेजारीच लसूण सोलत होती. ती गप्प बसली होती, आणि त्या गप्प बसण्याची तिला अजून लाज वाटत होती.

"आई, तुझ्या खोलीला कमोड दिलाय ना? किमचीला कशाला हवाय?"

"मागच्या अंगणातून पुढे येईतो गुडघे धरतात माझे."

"गुडघे धरतात आणि चरात उड्या मारतेस!"

"माल आवळायला लागला!" गाडीवाला ओरडला. "ओतायचा तर आत्ता ओता!"

"ओत की माझ्या डोक्यावर," आजी म्हणाली.

चांगसिकनं हात टेकले. "घाल रे बाबा, शंभरचा घाल. म्हातारपणाची लहर आहे."

जाड पाइप बसला, तेव्हाच आजी चरातून वर आली. काँक्रीट पडलं. खोलीभर राखाडी माल पसरला आणि पाइपचं वरचं तोंड तेवढं बाहेर राहिलं. आजी कडेला उभी राहून शेवटचा थापीचा हात फिरेपर्यंत बघत होती.

"झालं समाधान?" चांगसिक म्हणाला. "आता मीरानला सणाला हात धुवायला बेसिन, आणि तुला कमोड."

"हात धुऊन जाते ती पाहुणी," आजी म्हणाली. "मीरान राहायला येतेय."