गुरुवारची आंघोळ

ओसरीवर म्हाताऱ्यांच्या रांगेत धोंडाबाई बसली होती आणि तिच्या मांडीवर गेनू होता. फुलाबाई बादली घेऊन त्यांच्यासमोरून गेली. परक्याच्या पोराकडं पाहावं तितकंच पाहायचं, असं सासूनं बजावून ठेवलेलं.

"पोरगं गोड हाय, आजी. कुणाचं?" तिनं साऱ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

"सुनंचं," धोंडाबाई म्हणाली. "तिला कुठं येळ हाय पोराकडं बघाया."

फुलाबाईनं ओठ दाबून हसू आवरलं.

भोरच्या त्या नर्सिंगच्या शाळेत लेकुरवाळी बाई घेत नसत. वसतिगृहात राहायचं आणि तिथं पोर चालायचं नाही, मग ती शिकणारी असो की शिकवणारी. मुलाखतीत मूल आहे का असं विचारलं, तेव्हा फुलाबाईनं मान हलवून नाही म्हटलं होतं. ते खोटं धोंडाबाईनंच पढवलेलं. त्यांच्या मार्गासनी गावाच्या आसपास नर्स म्हणून कुणी नव्हती. आपली सून पांढरं पातळ नेसून, हातात पेटी आणि छत्री घेऊन एसटीतून उतरते आहे, हे चित्र म्हातारीच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. त्यापायी तिनं लेकाला आणि म्हशींना गावी सोडलं आणि नातवाला घेऊन ती भोरात भावाकडं येऊन राहिली.

फुलाबाई सकाळ-संध्याकाळ मारुतीच्या दर्शनाला म्हणून बाहेर पडे आणि गेनूला पाजून येई. परवानगी शितोळेबाईंची लागे. त्या शिकवत, वसतिगृहही सांभाळत. जूनमध्येच त्या बदलून आल्या होत्या. नवरा आदल्या वर्षीच्या पाकिस्तानच्या लढाईत गेलेला. बोलणं कमी, शिस्त फार. पण देवाधर्माला त्या कधी आडव्या येत नसत. त्या स्वतःही रोज नदीकाठच्या महादेवाला जात. बरोबर शिकणाऱ्या दोघींपैकी ठकू राममंदिरात जाई, रतन विहारात वंदनेला. एवढी भाविक तुकडी आपण पाहिली नाही, असं शिपाई मानसिंग येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे.

दर गुरुवारी बाळाला आंघोळ घालण्याचा सराव असे. त्यासाठी गावातली बाळं लागत. आणणाऱ्या बाईला दुधाच्या भुकटीचा पुडा मिळे, म्हणून चार म्हाताऱ्या नेमानं येत. तीन बाळं तिघी मुलींना. चौथी कामथडीच्या अंबूबाईची नात. तिला घेऊन शितोळेबाई आधी करून दाखवत.

आंघोळ रिकाम्या पोटी घालायची, नाहीतर बाळ ओकतं, असा बाईंचा धडा होता. त्यामुळं बाळं भुकेनं रडत. गेनू रडला की फुलाबाईला पान्हा फुटे आणि चोळी भिजे. मग ती घाबरून तांब्याभर पाणी स्वतःच्याच अंगावर सांडून घेई.

"आंघोळ बाळाची आहे, तुमची नाही," बाई दर गुरुवारी म्हणत. ते तिघींनाही लागू होतं, कारण रतन आणि ठकूही निथळतच बाहेर पडत. खरं तर बाईंचाही पदर कधी कोरडा राहत नसे, पण ते त्यांना सांगणार कोण?

आज परीक्षा होती. पुण्याहून परीक्षक यायच्या होत्या आणि त्यांची जीप अजून आली नव्हती. बाळं ताटकळली होती. फुलाबाईला मात्र वेगळीच धास्ती होती. चार दिवसांपासून गेनू 'आय' म्हणायला शिकला होता. तेवढं एक त्यानं आज गिळलं, तर पेटी आणि छत्री. नाहीतर मार्गासनीची एसटी.

जीप आली. परीक्षकबाईंनी बाळं आपल्या हातानं वाटली. गेनू गेला रतनकडं. रतन ज्याला नेहमी हौसेनं उचलून घेई, ते पोर आलं फुलाबाईकडं. गेनूनं एकदा रतनकडं पाहिलं, मग मान वळवून फुलाबाईकडं दोन्ही हात पसरले आणि स्वच्छ म्हणाला, "आय."

परीक्षकबाईंनी चष्मा सावरला. हे कुणाला हाक मारतंय, असं त्यांनी विचारलं.

"या वयात दिसेल त्या बाईला आई म्हणतात," शितोळेबाई शांतपणे म्हणाल्या. "घ्या, पाणी निवतंय."

फुलाबाईनं कोपर बुडवून पाणी पाहिलं, पोराची मान तळहातावर तोलली, कानामागं, काखेत, मांडीच्या घडीत साबण फिरवला. हात चुकले नाहीत. पण चार बाळांनी एकदम सूर लावला तसा तिला तांब्या सांडावा लागलाच. शेजारी रतनचाही सांडला. पलीकडं ठकूचाही.

परीक्षकबाई हसायला लागल्या. बाळांपेक्षा मुलीच जास्त न्हायल्या, म्हणाल्या, पण हात चांगले आहेत. तिघी पास. चहा घेऊन त्या गेल्या.

जीपची धूळ खाली बसली तसं बाईंनी मानसिंगला हाक मारली आणि म्हाताऱ्यांना चहाला न्यायला सांगितलं. मग दार लावून कडी घातली. आत बाळांनी आकांत मांडला होता.

"आता पाजा त्यांना," बाई म्हणाल्या.

"कुणी, बाई?" फुलाबाईनं विचारलं.

"ज्यांचं त्यांनी."

फुलाबाईच्या डोळ्यांसमोरून छत्री गेली, पेटी गेली, सासूचं तोंड तेवढं राहिलं. मग गेनूनं पुन्हा हात पसरले. होईल ते होवो, असं म्हणून तिनं त्याला उचललं आणि भिंतीशी बसून छातीशी लावलं. तो पिऊ लागला. ती मान खाली घालून बाईंच्या शब्दांची वाट बघत राहिली.

शेवटी तिनं वर पाहिलं. समोर रतन मांडी घालून बसली होती, तिच्या पदराखाली तिचं नेहमीचं पोर. शेजारी ठकू, तिच्याही पदराखाली एक.

"मंजी तू राममंदिरात..." रतन म्हणाली, आणि ठकूला हसू फुटलं.

"बाई, आमाला आता काढनार व्हय?" फुलाबाईनं विचारलं.

शितोळेबाईंनी दाराची कडी पुन्हा एकदा ओढून पाहिली. मग अंबूबाईच्या नातीला उचललं, तिघींच्या मधे येऊन बसल्या आणि तिला आपल्या ओल्या पदराखाली घेतलं.