थांबा, वारा पडतोय

“मॅडम, आम्ही मोकळे?”

“थांबा. वारा पडतोय.”

शहराच्या वीजपुरवठ्याच्या कंट्रोल रूममध्ये तिने फोन ठेवला. शेजारच्या टेबलावरचा सहकारी हसला. “वारा पडतोय? जरा बाहेर डोकवा, दोरीवरचे कपडे पळून चाललेत.”

ती हसली नाही. समोरच्या पडद्यावर पवनचक्क्यांच्या विजेची रेघ उंचावर ताठ होती, ती तिलाही दिसत होती.

शहर आता दिवसा उन्हावर चालायचं आणि संध्याकाळनंतर वाऱ्यावर. नदीपलीकडचं कोळशाचं वीजकेंद्र तेवढं राखीव ठेवलं होतं. वाऱ्याचा भरवसा नाही, आणि थंड पडलेला बॉयलर पुन्हा तापायला अर्धा दिवस खातो. म्हणून वाऱ्याची खात्री पटेपर्यंत तो नुसताच तापता ठेवायचा. तिथे नवी माणसं कुणी घेत नव्हतं, जुनी एकेक करून निघाली होती. उरलेल्यांना नियम जुनाच होता. कंट्रोल रूममधून ज्याने ‘थांबा’ म्हटलं, त्यानेच ‘मोकळे’ म्हणायचं, नाहीतर जाताना ते पुढच्यावर सोपवायचं. तोवर बॉयलरवरच्या माणसाने जागा सोडायची नाही.

बॉयलरवर तिचे वडील होते.

या फोनवरचं बोलणं रेकॉर्ड व्हायचं, म्हणून ते तिला मॅडम म्हणत. एरवी दोघांत बोलणं असं उरलंच नव्हतं.

आई गेली ती दुपारची, इस्पितळात. वीजकेंद्राच्या वसाहतीत राहून वर्षानुवर्षं छातीत साचलेली राख. शाळेच्या गणवेशातच ती खाटेशी बसून होती. “आले का गं?” आई विचारायची आणि दाराकडे बघत राहायची. वडील आले ते अंधार पडल्यावर, बाह्यांवर राख घेऊन. “निघता आलं नाही,” एवढंच म्हणाले.

तिने काही विचारलं नाही. मनात गाठ तेवढी मारली. शिकली, हीच नोकरी धरली, याच खोलीत बदली मागून घेतली. आता रोज संध्याकाळी ती त्यांना बसवून ठेवायची. अगदी नियमात राहून. डबा निवेल, शेवटची बस जाईल, पाय सुजतील. कळू दे, वाट बघणं काय असतं.

“बरं, मॅडम,” ते म्हणत. कधी कुरकुर नाही. त्याचाच तिला जास्त राग येई.

त्या संध्याकाळी तिची शिफ्ट संपली. पुढच्या माणसाला तिने सगळं समजावून दिलं. नदीपलीकडे थांबवून ठेवलंय, एवढंच सांगायचं राहिलं. आवारातून बाहेर पडताना आठवलं. वारा असा सुटला होता की फाटक दोन्ही हातांनी ओढून घ्यावं लागलं.

“बसू देत,” ती म्हणाली आणि घरी गेली.

सकाळी ती कामावर पोचते तोच फोन वाजला. वडिलांचा आवाज नव्हता. त्यांच्याबरोबर आयुष्यभर राबलेले फिटरकाका होते.

“पोरी,” ते म्हणाले. त्या फोनवर तिला असं कधी कुणी म्हटलं नव्हतं. “बाबा गेले गं तुझे. पहाटे, खुर्चीतच. आम्हाला वाटलं, डोळा लागलाय.”

ती खुर्चीत बसली. काका बोलतच होते.

“मी किती म्हटलं, जा आता, कोण बघतंय? तर म्हणाले, ‘तिचा शब्द येऊ दे.’ पहिल्यापासून हट्टीच. तुझी आई गेली तेव्हाही तेच. सकाळपासून फोन लावत होते, बायकोची तब्येत नाजूक आहे, मोकळं करा. बदली माणूस नव्हता. तुमच्या त्या खोलीतून दर वेळी एकच उत्तर. थांबा.”

शेजारचा सहकारी तिच्याकडे बघत होता.

पलीकडे काकांनी घसा साफ केला. आवाज पुन्हा नियमातला झाला. “मॅडम, बॉयलर अजून तापलेलाच आहे. कालचं ‘थांबा’ उठलेलं नाही. काय करू?”

पडद्यावर वाऱ्याची रेघ कालसारखीच ताठ होती. तिने फोन दोन्ही हातांनी धरला.

“बाबा,” ती म्हणाली, “तुम्ही मोकळे. घरी या.”