दोन शेजाऱ्यांचे नंबर

मस्कतच्या गार्गीताई व्हिडिओ कॉलवर माझ्या आईची मुलाखत घेत होत्या. त्यांच्या तीन महिन्यांच्या बाळाला सांभाळायला घरात राहणारी मराठी बाई हवी होती. आईचं आधार कार्ड, पोलिसांचा दाखला आणि आमच्या चारकोपच्या सोसायटीतल्या दोन शेजाऱ्यांचे नंबर, सगळं मी आधीच पाठवलं होतं.

"राग मानू नका हं मावशी," त्या म्हणाल्या. "अनोळखी माणसाला घरात घ्यायचं म्हणजे भीती वाटते ना."

आई हसून हो म्हणाली, पण फोनच्या खाली तिने माझा हात घट्ट धरला होता. आमच्याच सेक्टरमधली एक बाई गेल्या वर्षी अशीच परदेशात कामाला गेली. गणपतीनंतर तिचा फोनच लागलेला नाही, आणि विचारायचं कुणाला, ते तिच्या घरच्यांना माहीत नाही.

शेवटी मीच बोलले. "ताई, तुमच्यापण दोन शेजाऱ्यांचे नंबर द्या. आईचा फोन लागला नाही तर मी त्यांना विचारेन."

आईने डोळे वटारले. मला वाटलं, गेलं हातचं काम.

ताई म्हणाल्या, "चार वर्षं झाली इथे येऊन. मी कुणालाच ओळखत नाही गं."

त्यांनी मागच्या बंद दाराकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज अगदी खाली आणला.



"निधी, आईला रोज फोन करशील तेव्हा माझापण लागतो का, तेवढं बघशील?"