पत्रं देणारा माणूस

पंधरा वर्षं तो माणसांना नोकरीवरून काढल्याची पत्रं देत आला होता. पत्र द्यायचं, शुभेच्छा द्यायच्या, की झालं. आज शिलाईखात्यातली सुपरवायझर मात्र खुर्चीतून उठेचना. "उद्यापासून मी करू काय?" शुभेच्छा बाजूला ठेवून त्यानं आपली खुर्ची पुढे ओढली. "इथं कुठलं काम करताना घड्याळाकडे बघायचं विसरायचात?" त्यानं विचारलं. "नव्या मुलींना शिकवताना," ती म्हणाली, आणि दोघं तासभर बोलत बसले. निघताना ती शिवणवर्ग काढायचं बोलत होती. माणसाला त्याची वाट सापडेपर्यंत सोबत बसायचं, हेच आपलं काम, त्याला लख्ख कळलं. संध्याकाळी त्यानं स्वतःचा राजीनामा दिला. घरी सांगायला कुणी नव्हतं. लेकानं "मीटिंगमध्ये आहे, बाबा," म्हणून फोन ठेवला. शेवटी त्यानं तिचाच नंबर लावला. "मी नोकरी सोडली." "पत्ता सांगा," ती म्हणाली, "मी येते."