पाव फेरी

पडद्यावर तिची उडी मी तिसऱ्यांदा संथ करून पाहिली. हवेत तीन फेऱ्या पूर्ण व्हायला हव्या होत्या, पण स्केटचं पातं पाव फेरी आधीच बर्फावर टेकलं होतं. बाहेर टाळ्या थांबत नव्हत्या. मृण्मयी आईचा हात घट्ट धरून गुणांची वाट पाहत बसली होती. नजाकतीचे गुण इतर पंच देतात. उडी पूर्ण की अपुरी, एवढंच माझ्याकडे असतं.

मी 'अपुरी'चं बटण दाबलं. अर्ध्या गुणाने तिचं सुवर्णपदक गेलं.

बक्षीस समारंभ संपल्यावर ती माझ्याकडे आली. भांडेल असं वाटलं होतं, पण तिने वाकून नमस्कार केला.

"ताई, माझं कुठे चुकलं? ही उडी मी तुमच्या सुवर्णपदकाच्या व्हिडिओवरूनच शिकले. रोज बघायचे. अगदी तुमच्यासारखीच बसवली होती."

आमच्या वेळी पंचांकडे उडी संथ करून पाहायची सोय नव्हती. माझी पाव फेरी कमी पडली होती, हे फक्त माझ्या घोट्याला कळलं होतं.

"सराव कमी पडला गं तुझा," मी म्हणाले.