एकोणीस इंच

"साहेब, तुमच्या स्पोर्ट्स सेडानला सतरा इंची चाकं बास," टायरवाले बशीरचाचा म्हणाले. "एकोणीसला टायर पापडासारखा पातळ येतो. प्रत्येक खड्डा अंगात जातो." मी त्यांना इंटरनेटवरचे तक्ते दाखवून तासभर शिकवलं आणि एकोणीसचीच बसवून घेतली.

हर्नियाचं ऑपरेशन झालेल्या सासऱ्यांना घरी आणायला दुसऱ्याच दिवशी ऐटीत दवाखान्यात गेलो. पहिल्या स्पीडब्रेकरला ते कण्हले. दुसऱ्याला टायर मडगार्डला घासला आणि त्यांनी डोळे मिटले. तिसरा दिसताच हात जोडून म्हणाले, "जावईबापू, राग मानू नका. मी रिक्षाने येतो."

खड्डे चुकवत मी घरी पोचलो, तेव्हा सासरे चहा पिऊन झोपलेही होते. बायकोने दार उघडून विचारलं, "बाबांना रिक्षात बसवून कुठे फिरायला गेला होतास?"