जादा वायर

भंगारातून आणलेली जुनी जीप भरतने दोन वर्षं खपून घरीच दुरुस्त करून रस्त्यावर आणली. सगळं जमलं, पण डावा इंडिकेटर दिला की हॉर्न हलकेच वाजायचा. शोधता शोधता डॅशबोर्डखाली एक जादा वायर सापडली, कुणीतरी नीट टेप गुंडाळून मुद्दाम जोडलेली. तोडण्याआधी विचारावं म्हणून तो जीप घेऊन मूळ मालकाच्या गावी, आहुप्याला निघाला.

गावात शिरताना डावं वळण धुक्यात बुडालं होतं. हॉर्न वाजला तशी पहिल्याच घरातून एक म्हातारी लगबगीनं बाहेर आली. भरतला पाहून थबकली. त्यानं वायरीचं विचारलं.

"आमच्या मालकांनी जोडली व्हती," ती म्हणाली. "हितं वळले की मला आत कळायचं, चहा टाकायला."

"कुठं आहेत ते?"

"गेले. नऊ वर्षं झाली." तिनं बॉनेटवर हात ठेवला. "पावणं, एकदा परत वळून याल?"

भरतने जीप मागं घेतली, खाली धुक्यात नेली आणि सावकाश वळवली. वर आला तेव्हा तिच्या कौलांतून धूर निघत होता.